त्रेपन्नच्या बुकातली बुधी

सापगावच्या लडकू विश्याला भ्यालेला कुणी पाहिला नव्हता. बांधकाम खात्यात तो मैलकुली होता. म्हणजे रस्त्याच्या खड्ड्यांत मुरूम टाकायचा, कडेचं गवत काढायचं आणि दिवाळीच्या आधी मैलाचे दगड रंगवायचे. सापगावपासून शेंद्रूणपर्यंतचा रस्ता त्याच्या वाट्याला, आणि त्या रस्त्यावर भुतांना काही तोटा नव्हता. एका वळणावर ट्रकवाला गेलेला, एका मोरीपाशी कोणी बाळंतीण, एका चिंचेवर आणखी कोणीतरी. लोक त्या जागांवर उतरवलेली लिंबं टाकायचे आणि मागं न बघता निघून जायचे. लडकू ती लिंबं गोळा करून घरी आणायचा आणि वरणात पिळायचा.

त्याची बायको जनी कपाळाला हात लावायची. "अवो, कोणाची पीडा असंल ती!"

"रस्त्यावर पडलेलं सगळं खात्याचं," लडकू म्हणायचा, "आन खात्याचा माणूस मी."

एकदा तर मोरीखाली एक बेवारशी प्रेत सापडलं. पोलीस येईपर्यंत कोणीतरी राखण बसायला हवं होतं. बाकीची गँग हळूच पांगली. लडकू बसला. सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत. भाकरी खाल्ली तीही तिथंच. पुढं कोणी विचारलं की तो सांगायचा, "एकट्यानं जेवायचं जिवावर आलं, म्हणून त्यालापण इचारलं. नको म्हणाला."

तर असा हा गडी. आणि हाच गडी एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली, चाळिशी उलटल्यावर, स्वतःच्या उजव्या हाताकडे बघून घाबरायला लागला. ते कसं घडलं त्याचीच ही हकिकत.

त्याचं आजोळ मुरबाड तालुक्यात, सरळगावहून आत गेलं की पळसपाडा म्हणून गाव लागतं, तिथलं. आजी सत्त्याण्णवच्या माघात वारली. तिच्या नावावर दीड एकर भातशेत आणि एक घर होतं. तिला लेक एकच, बुधी, म्हणजे लडकूची आई. तीही कधीच गेलेली. तेव्हा वारस उरला एकटा लडकू. तो तलाठ्याकडे गेला, आजीच्या मृत्यूचा दाखला पुढं ठेवला. तलाठ्यानं तो बघितला आणि म्हणाला, "हे ठीक आहे. पण मधली कडी कुठाय? आजीची वारस तुझी आई. ती हयात नाही हे मला कागदावर दिसलं पाहिजे. आईचा मृत्यूचा दाखला आण."

"कधी गेली ते सालच ठावं नाय, साहेब. मी पाचेक वर्षांचा असन."

"मग तालुक्याच्या कचेरीत शोध. जुनी कोतवाल बुकं, गावोगावच्या जन्म-मरणाच्या वह्या, तिथं आहेत."

खरं सांगायचं तर लडकूला आईबद्दल फार काही ठाऊकच नव्हतं. 'तापानं गेली' एवढं बापानं सांगितलं होतं. बापाचं दुसरं लग्न झालं, सावत्र आईनं लडकूला पोटच्यासारखं वाढवलं, आणि पहिलीचा विषय घरात कोणी काढला नाही. आता बापही नव्हता आणि सावत्र आईही नव्हती. आईची म्हणून लडकूपाशी एकच आठवण होती: एक थंडगार, ओला हात. त्याला चेहरा नव्हता, आवाज नव्हता. लडकूला वाटायचं, भांडी घासून उठली असेल, आणि तसाच ओला हात आपल्या हातात दिला असेल. उन्हात काम करताना कधी ती आठवण आली की त्याला बरं वाटायचं.

कचेरीतल्या रेकॉर्ड रूममध्ये संध्या रोकडे म्हणून कारकून बाई होत्या. वयानं लहान, बोलायला फटकळ, पण कामाला चोख. त्यांनी लडकूकडून अर्ज लिहून घेतला, त्यावर कोर्ट फीचं तिकीट लावलं आणि आठवड्यानं बोलावलं. आठवड्यानं तो गेला तेव्हा टेबलावर तांबड्या कापडातला एक गठ्ठा सोडलेला होता. जुन्या कागदाचा, कसरीचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला होता.

"दादा, तुमचा जन्म सत्तावनचा ना?"

"शाळेत तोच हाय."

"साठपासून पासष्टपर्यंत सगळं बघितलं. पळसपाड्याच्या बुकात तुमच्या आईचं नाव नाही. सापगावचं शहापूरला विचारून घेतलं. तिथंही नाही."

"मग?"

"मग हे बघा." त्यांनी गठ्ठ्यातलं खालचं बुक वर काढलं. "हा गठ्ठा कोणीतरी उलटा बांधला होता. मी मागून पुढं चाळत होते, म्हणून दिसलं."

लडकूला चौथीपर्यंतचं वाचता येत होतं, आणि ते अक्षर चांगलं ठसठशीत होतं. चौदा डिसेंबर एकोणीसशे त्रेपन्न. बुधी भ्रतार पांडू विशे. वय वीस. मरणाचं कारण, विहिरीत पडून. खबर देणार, विठू, राहणार सापगाव.

लडकूनं ती ओळ दोनदा वाचली. मग बोटं मोजली.

"ताई, सत्तावनातून त्रेपन्न गेले..."

"चार," संध्याताई म्हणाल्या. त्यांचा नेहमीचा फटकळ आवाज कुठं गेला कोण जाणे. "दादा, दुसरी कोणी बुधी होती का तुमच्यात?"

"पांडू विश्याची बायको बुधी. दुसरी कशी असंल?"

पंखा फिरत होता. कोणीतरी बाहेर स्टॅम्प मारत होतं, ठप्प, ठप्प. संध्याताईंनी नक्कल काढून दिली. लडकूनं ती घडी करून खिशात घातली, आणि भोळा माणूस तो, सरळ तलाठ्यापुढं नेऊन ठेवली.

तिथं बाकावर शेखर बसलेला होता. हा शेखर म्हणजे आजीच्या दिराचा नातू. आजीचं शेत तोच कसायचा, आणि आजीमागं ते आपलंच असं त्यानं मनात धरलं होतं. त्यानं तलाठ्याच्या खांद्यावरून नक्कल वाचली आणि तो हसला. मोठ्यानं हसला असता तर बरं झालं असतं. तो बारीक हसला.

"आमची आत्या त्रेपन्नला विहिरीत गेली. सरकारी कागद हाय. तू जलमलास सत्तावनला. मग तू कोणाचा रे, लडकू?"

शेखरनं तिथल्या तिथं हरकतीचा अर्ज लिहून दिला. तलाठी म्हणाला, "विशे, मी काय करू? मेलेल्या बाईला चार वर्षांनी मुलगा झाला असं मला फेरफारात लिहिता येत नाही."

ही गोष्ट शेखरनं सरळगावच्या बाजारात सांगितली. बाजारातून ती किन्हवलीला आली, किन्हवलीहून एसटीत बसून सापगावला उतरली. गँगमधला वाल्मिक, तोंडाळ माणूस, दुसऱ्याच दिवशी घमेलं खाली ठेवून म्हणाला, "लडकू, म्हणूनच तुला भूत धरीत नाय होय रे! घरचाच माणूस कोण धरील?" गँग हसली. लडकूही हसला. पण जेवायच्या सुट्टीत त्याच्या लक्षात आलं, वाल्मिक रोज त्याच्या डब्यातली चटणी ओढून घ्यायचा, आज त्यानं हात लावला नाही.

मग एकेक गोष्ट व्हायला लागली. शेजारणीनं तापलेलं लेकरू आणलं आणि म्हणाली, "भाऊ, याच्या डोक्यावरून नुसता हात फिरवा." लडकूनं फिरवला. लेकराचा ताप उतरला. त्यानं गोष्ट सुधारायच्या ऐवजी जास्तच बिघडली. देवळात सप्त्याचा प्रसाद वाटायला तो उभा राहिला, तर दोन म्हाताऱ्यांनी ओंजळ मागं घेतली. आणि एका दुपारी ओसरीवर तो आडवा झाला असताना त्याला जाग आली. जनी पायथ्याशी उभी. त्याची पावलं न्याहाळत.

"काय बघतीस गो?"

"काय नाय."

"उलटी हायत काय?"

जनी आधी लाजली, मग रडायला लागली. वीस वर्षांचा संसार, दोन पोरी उजवल्या, आणि ही बाई नवऱ्याची पावलं तपासते. लडकूनं तिला काही बोल लावला नाही. कारण तो स्वतःही तेच करत होता. मैलाचा दगड रंगवताना भर बारा वाजता तो ब्रश खाली ठेवायचा आणि आपली सावली बघायचा. आहे का, सरळ आहे का. रस्त्यावर कोणी नसायचं. डांबरातून वाफ निघायची, आणि तरी त्याचा उजवा हात गार पडायचा. तीच आठवण. ओला, थंड हात. इतकी वर्षं जी उबेसारखी जपली होती, ती आता आतून बर्फासारखी लागायची. मेलेल्या बाईचा हात थंडच असणार ना. विहिरीत पडलेलीचा ओलाच असणार. मग आपल्याला जन्म दिला तो कोणी? आणि त्या हातानं आपल्याला कुठं नेलं असतं?

शेताचं त्याला आता फारसं पडलं नव्हतं. शेखरचा तो एक प्रश्न मात्र चपलेत खडा शिरावा तसा पावलापावलाला टोचत होता. मी कोणाचा?

रजा टाकून तो पळसपाड्याला गेला. आजीच्या घराला कुलूप होतं. अंगणातली विहीर त्यानं लहानपणापासून बघितलेली, तोंडावर दोन फरशा टाकून बुजवल्यासारखी. आजी त्याला तिच्याजवळ कधी जाऊ द्यायची नाही. "आटली ती," म्हणायची. आज त्यानं फरशीच्या फटीतून एक खडा आत टाकला. खालून स्वच्छ, भरल्या पाण्याचा आवाज आला.

पलीकडच्या ओट्यावर एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. मंगळी तिचं नाव, बुधीच्या बरोबरीची. खड्याचा आवाज ऐकून तिनं सूप खाली ठेवलं.

"कोण तिथं? बुधीचा काय रे?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी त्याला बुधीचा म्हणालं होतं.

"व्हय मावशी. लडकू. मावशी, माझी आय कधी गेली?"

मंगळीनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "कंचं सांगू? मी तिच्यासाठी दोनदा रडले. पहिल्यांदा जास्त रडले."

"दोनदा?"

"मना नको इचारू, बाबा. खबर आणणारा अजून जिता हाय. विठू. खर्डीला लेकीकडं असतो. त्यालाच इचार." आणि तिनं सूप उचललं, आत गेली आणि दाराला कडी घातली.

विठू! कागदावर होता तोच. हा विठू लडकूच्या बापाचा जिवाभावाचा सोबती. लडकूनं त्याला लहानपणी पाहिलेलं, पण आई गेल्यानंतर विठूनं त्यांच्या घरी येणं सोडलं होतं. कारण कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लडकू आसनगावहून खर्डीला पोचला. रेल्वे फाटकापलीकडे विठूच्या लेकीचं घर. म्हातारा पडवीत काथ्याची दोरी वळत बसला होता. सत्तरी उलटलेली, दात नाहीत, पण नजर शाबूत. लडकूनं नक्कल त्याच्या मांडीवर ठेवली. विठूला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय?"

लडकूनं वाचून दाखवलं. 'विहिरीत पडून' म्हटल्याबरोबर म्हाताऱ्याच्या हातातली दोरी सुटली आणि उलगडत गेली.

"ते लिवून ठेवलं त्यानी?" तो म्हणाला. "लिवून ठेवलं?"

"काका, मी कोणाचा? तेवढं सांगा, मी जातो."

विठूनं लेकीला आत जायला सांगितलं, आणि मग जे सांगितलं ते असं.

"तुझ्या आयचं लगीन होऊन सहा म्हैने झालेले. खळ्यावर भात वारवीत व्हती. भर दुपारचा एक कावळा आला आन तिच्या डोक्यावर बसला. नुसता टेकला नाय, पाय रोवून बसला. तुझी आजी, पांडूची आय, किंचाळली."

जुन्या माणसांचं याबाबतीत पक्कं होतं. कावळा डोक्यावर बसला की त्या माणसाला बोलावणं आलं. त्यावर उपाय एकच. ते माणूस मेलं अशी खबर त्याच्या रक्ताच्या माणसांत धाडायची. त्यांनी ऊर बडवून रडायचं. ते रडणं ऐकून मरणाला वाटतं की इथलं काम उरकलं, आणि ते पुढं जातं. दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन जायचं, खरं सांगायचं, सगळ्यांनी हसायचं. अट एवढीच, की रडणाऱ्यांना आधी कळता कामा नये. नाटकी रडणं मरणाला ओळखू येतं.

"मला धाडलं," विठू म्हणाला, "कारण माझं तोंड हलत नसे. खोटं बोललो तरी खरंच वाटायचं. सापगावहून चालत पळसपाड्याला गेलो. अंगणात तुझा आजा, बुधीचा बाप, बसलेला. मी म्हणलं, बुधी गेली. तो उठला आन म्हणाला, कशानं?"

विठूनं सुटलेली दोरी पायाशी ओढून घेतली.

"ते मना कोणी शिकवलंच नव्हतं रे. गेली एवढंच सांग, म्हणाले व्हते. समोर ती विहीर. माझं बोट गेलं तिकडं. म्हणलं, विहिरीत पडून."

घरात आकांत झाला. तो ऐकून गावचा कोतवाल महादू धावत आला. आला म्हणजे अंगणाच्या कुडापर्यंत आला. त्रेपन्न सालची गोष्ट, आणि महादू गावकुसाबाहेरचा. त्याला ओट्यावर कोण चढू देणार? तो कुडाबाहेर उभा राहून विचारत होता, कोण गेलं, वय काय, कशानं, खबर कोणाची. विठूनं बोट दाखवलेली विहीर त्याला दिसत होती, रडणं ऐकू येत होतं. आत मढं नाही हे त्याला तिथून कसं दिसणार? त्यानं ऐकलं ते पाटलाला सांगितलं, पाटलानं बुकात लिहिलं आणि महादू ते बुक घेऊन तालुक्याला चालता झाला.

"दुसऱ्या दिशी मी नारळ घेऊन गेलो. तुझ्या आज्यानं माझ्या पाठीत गुद्दा घातला आन मग मिठी मारली. गावभर हसं झालं."

"आन कोतवालाला कोणी सांगितलं?"

"त्याला कोण सांगतो? हसायला त्याला कोणी बोलावलाच नव्हता."

पडवीत उकडत होतं. लांबून मालगाडी गेली. विठू पुढं बोलला तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला होता.

"नऊ वर्सं काय झालं नाय. तू झालास. बासष्टला नारळी पुनव आन पंधरा ऑगस्ट एकाच दिशी आले. शाळेत झेंडा, दारात पुनव. तुझी आय तुला घेऊन माहेरी गेली व्हती. दुसऱ्या दिशी सकाळी पाणी शेंदताना पाय सटकला. त्याच विहिरीत. मी बोट केलेलं तिथंच."

लडकूनं हातातल्या नकलेची घडी केली.

"पळसपाड्याचा माणूस खबर घेऊन सापगावला आला. बुधी गेली, म्हणाला. तुझा बाप हसला, लडकू! त्याला वाटलं, पुन्हा कावळा बसला असंल. म्हणाला, बस, चहा घे, किती रडायचं ते सांग. चहा केला. आमी दोघं प्यालो. आन तो माणूस कप हातात धरून नुसता आमच्याकडं बघतो. तवा मना कळलं."

"मग?"

"मग काय. पोचलो तर तिला वर काढून ओट्यावर ठेवलेली. तू बाजूला. तिचा हात धरून बसलेला, सोडीत नव्हतास. माझ्याच हातानं तुझी बोटं सोडवली, एकेक."

लडकूनं आपला उजवा हात डाव्या हातात धरला. इतकी वर्षं जपलेल्या त्या हाताचा ठिकाणा आता लागला होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि चमत्कारिक गोष्ट अशी की त्याला हलकंही वाटलं.

पाण्यातलं मरण, पोलिसांची चौकशी होणार, म्हणून गावानं दिवस मावळायच्या आत उरकून घेतलं. पाटलानं स्वतःपाशी ठेवलेलं नकलेचं बुक उघडून बघितलं तर बुधी आधीच मेलेली. तो म्हणाला, हिचं मरण तालुक्याला जाऊन नऊ वर्षं झाली, आता पुन्हा कुठून लिहू? आणि त्यानं बुक मिटलं.

"काका," लडकू म्हणाला, "आयचं खरं मरण लिवून घ्यायचं तर हे कोर्टात सांगावं लागंल."

म्हातारा भिंतीला सरकला. "नाय. एकदा तोंडातून गेलं ते झालं. पुन्हा बोलू? आता कोणाला लागंल ते? चार नातवंडं हायत मला."

"तवा खोटं व्हतं. आता खरं हाय."

"खोटं व्हतं तरी झालं ना रे!"

लडकूनं घडी खिशात घातली. तो उठला. म्हणाला, "बरं. मग मी भुताचा. जनी माझे पाय बघते, बघू द्या."

तो फाटकापर्यंत गेला असेल, तेवढ्यात मागून हाक आली. विठू काठी न घेता धडपडत आला होता. त्यानं लडकूचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, दाबून पाहिला.

"ऊन हाय," तो म्हणाला. "येतो मी. पण नातवंडं माझ्या नजरेसमोर पायजेत."

तसंच झालं. दंडाधिकाऱ्यांपुढं अर्जाची तारीख लागली त्या दिवशी खर्डीहून काळी-पिवळी जीप भरून आली. विठू, त्याची लेक, चार नातवंडं. पळसपाड्याहून मंगळी आली. बाहेरच्या व्हरांड्यात नातवंडं ओळीनं बसवली, विठूला आतून दिसतील अशी. दंडाधिकारी मॅडमनी आधी मंगळीला विचारलं.

"तुम्ही मयताला ओळखत होता?"

"दोनदा रडले तिच्यासाठी."

"दोनदा म्हणजे?"

"एकदा मेल्यावर, आन एकदा जिवंत असताना."

टाइप करणाऱ्या माणसाचा हात थांबला. मॅडमनी त्याला खुणेनं पुढं चालू ठेवायला सांगितलं, आणि सगळं ऐकून घेतलं. मग विठूची पाळी. साल सांगितलं, पंधरा ऑगस्ट आणि पौर्णिमा सांगितली, जागा सांगितली. मग मॅडमनी विचारलं, "मृत्यू कशानं झाला?"

विठूचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्यानं दारातून बाहेर बघितलं. एक, दोन, तीन, चार. पुन्हा मोजली.

"आजोबा?"

"विहिरीत पडून," विठू म्हणाला.

बाहेर धाकटी नात अक्षदा खोकली. म्हातारा उठून उभा राहिला. तिच्या आईनं पाठीवर थोपटलं, पाणी पाजलं, खोकला थांबला. विठू हळूहळू खाली बसला, तरी पुढचे आठ दिवस तो खर्डीहून निरोप पाठवत होता. जनी बरी हाय का? पोरी बऱ्या हायत का? मैलकुलीचा रस्ता ठीक का?

कोणाला काही झालं नाही.

आदेश मिळाला. पळसपाड्याच्या ग्रामसेवकानं बासष्टचं मरण नव्याण्णवच्या वहीत उशिराची नोंद म्हणून घेतलं आणि दाखला दिला. तलाठ्यानं तो लावून फेरफार धरला. शेखरनं हरकत काढून घेतली, जाताना म्हणाला, "घे. विहीर पण तुझीच आता." जनीनं पाय बघायचं सोडलं. निदान तो जागा असताना तरी.

एक काम उरलं होतं. त्यासाठी संध्याताईंनी त्याला बोलावून घेतलं.

"दादा, आता त्रेपन्नची नोंद रद्द करून घ्या. आदेशाची प्रत जोडू, अर्ज मीच लिहून देते." गठ्ठा त्यांनी आधीच सोडून ठेवला होता. "माझे आजोबाही कोतवाल होते, छप्पनपर्यंत. ते सांगायचे, आम्ही गावाचं जगणं-मरणं कुडाबाहेरून कळवलं. बाहेरून जेवढं ऐकू आलं तेवढं. महादूची काही चूक नाही यात."

"नाय, ताई. त्याला कोण नाव ठेवतंय?"

"मग करू ना रद्द? खोटी नोंद आहे ती."

लडकूनं बुक आपल्याकडे ओढलं. शाई तांबूस झाली होती. त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून बसला.

"ताई, ही लिवली त्याच्यानंतर ती नऊ वर्सं जगली."

"हो."

"त्या नऊ वर्सांत मी झालो."

"हो. मग?"

"मग ही खोडली तर ती नऊ वर्सं..."

संध्याताई शिकलेल्या बाई. असल्या गोष्टींवर त्या हसल्या असत्या. पण त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं, मग बुकाकडे, मग लडकूकडे, आणि टोपण लावून पेन खाली ठेवलं.

"राहू दे?"

"ऱ्हाऊ दे."

"पण मग बुक बघितल्याची सही तरी करा. इथं. नाव, आणि मयताशी नातं."

लडकूनं शर्टाला हात पुसले. चौदा डिसेंबर एकोणीसशे त्रेपन्नच्या नोंदीसमोर, मोठ्या वळणदार अक्षरात, शाळेत शिकवलं होतं तसं रेघ देऊन, त्यानं आपलं नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात लिहिलं, मुलगा.